वायरवाला वेयो

वेयो हाकाला दिवसाला किती शब्द बोलतो ते मी एकदा मुद्दाम मोजलं होतं. अकरा निघाले. त्यातले चार कॉफीबद्दल, दोन बर्फ उपसायच्या फावड्याबद्दल, आणि उरलेले पाच मी जिन्यात पाय घसरून आपटले तेव्हाचे. "लागलं का? नाही ना? बरं." एवढं बोलून हा बाबा निघून गेला. मी तशीच बसलेली, बादली लवंडलेली. दोन मिनिटांनी कोरडं फडकं घेऊन परत आला आणि अख्खा जिना पुसून काढला. तेही मुकाट्याने.

मी तेर्तू. योएन्सूच्या या होस्टेलात एकोणीस वर्षं साफसफाई करते. वेयो इथला देखभाल करणारा. नळ गळला, दार अडकलं, दिवा गेला की बोलवा वेयोला. शिवाय तो माझा मेव्हणाही लागतो, कारण माझ्या मावसबहिणीने, सिर्काने, त्याच्याशी लग्न केलं. आम्ही पडलो कारेलियाची माणसं, आमच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. वेयो हामेकडचा, आणि तिकडच्यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा सिर्काने कोपराने ढोसलं म्हणून हा "हो" म्हणाला, असं आमच्या घरात अजून सांगतात. खोटंही असेल. सिर्का मात्र ते कधी खोडून काढत नाही.

होस्टेलात इंटरनेट आलं सत्त्याण्णव साली. त्याआधी वेयो टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. इथे आला आणि ऑफिसने त्याच्या हातात वायरींची भेंडोळी दिली. एकशे अठ्ठेचाळीस खोल्या, ए, बी, सी असे तीन जिने, आणि भिंती सत्तर-बहात्तर सालच्या काँक्रीटच्या. सगळा उन्हाळा तो भोकं पाडत होता आणि मी त्याच्यामागून धूळ पुसत होते. प्रत्येक खोलीत एक वायर, आणि सगळ्या वायरींची टोकं तळघरातल्या एका कपाटात. प्रत्येक टोकाला त्याच्या हातची चिठ्ठी, ए एक, ए दोन, अशी. ते कपाट उघडलं की बघत राहावं. एक वायर वाकडी सापडायची नाही.

दरवर्षी ऑगस्टअखेर पोरं राहायला आली की वेयो खोलीखोलीत जायचा. दार वाजवायचं, आत जाऊन टेबलाखाली वाकायचं, हातभर वायर भिंतीला जोडायची, पोराच्या कॉम्प्युटरला जोडायची, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मान हलवायची आणि पुढच्या दाराशी जायचं. ऑफिसने त्याला दहादा सांगितलं, अरे, वायर खोलीत ठेवून दे, पोरं जोडून घेतील. तो "बरं" म्हणायचा आणि पुन्हा दारं वाजवत फिरायचा. पोरांनी त्याचं नाव वायरवाला ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

हेल्मी आली ती अशाच एका ऑगस्टमध्ये. बी जिन्यातली चौतीस नंबरची खोली, वनशास्त्राची विद्यार्थिनी, सरळ नाकाची, उंच पोर, जन्मापासून बहिरी. तिला भेटायला येणारा जो तो तोंड हे एवढं वासून एकेक अक्षर ओरडायचा. मीही ओरडले, खोटं कशाला सांगू. वेयो आला, वायर जोडली, दिवा लागला, मान हलवली. हेल्मीने मला नंतर कागदावर लिहून दिलं, "या इमारतीत माझ्याशी सगळ्यांसारखा वागलेला हा पहिला माणूस." मी तिला लिहिलं, "पोरी, तो सगळ्यांशीच बहिऱ्यांशी वागावं तसा वागतो." तर ही हसत सुटली. तिचं हसणं मोठं आहे, भिंतीपलीकडे जातं.

तिची आईही बहिरी. वडील हेल्मी लहान असतानाच गेले होते. त्या दोघींची भाषा हातांची, आणि आई राहायची थेट वर केमियार्वीला, इथून एक अख्खा दिवस लागतो. रोज संध्याकाळी सहाला दोघी समोरासमोर कॅमेरा लावून बसायच्या. हातांची भाषा म्हणजे चित्र नीट चालायला हवं. तुमचं-माझं बोलताना आवाज जरा तुटला तर पुढच्यामागच्यावरून कळतं. हात मध्येच अडकले की काहीच कळत नाही. वायरीवर ते चित्र लख्ख चालायचं. एकदा मी स्वयंपाकघराचा ओटा पुसत होते तर हेल्मीने मला हाताला धरून आत नेलं आणि आईला दाखवलं. आईने माझ्याकडे बघून काहीतरी हातवारे केले. हेल्मीने लिहिलं, "आई विचारतेय, ही बाई सारखं तोंड का हलवतेय?"

त्यानंतरच्या वसंतात ऑफिसचं पत्र आलं. वायरी जुन्या झाल्या, आता सगळीकडे वायफाय बसणार, वायरी आणि ते कपाट काढून टाकणार. कुणी काही म्हणालं नाही. मलाही वाटलं, बरंच झालं, टेबलाखालची धूळ काढताना झाडू अडकणार नाही.

वायफायचे डबे कुठे लावायचे ते ठरवायला जुलैत हेलसिंकीच्या कंपनीतून पेत्रा नावाची बाई आली. जुलैत आपल्याकडे काय असतं? कुत्रंसुद्धा उन्हाळ्याच्या सुट्टीला तळ्याकाठच्या झोपडीवर गेलेलं असतं. पोरं घरी नाहीतर कामाला, इमारत ओस. मीही त्याच आठवड्यात खोल्या धुऊन काढत होते आणि फरशा वाळाव्यात म्हणून सगळी दारं सताड उघडी ठेवली होती. आमच्याकडे एका दाराआड चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर असतं, आणि आगीच्या नियमाने ते बाहेरचं दार असतं लोखंडी. पेत्रा हातात यंत्र घेऊन जिन्याजिन्याने फिरली. तिची सुट्टी दुसऱ्या दिवसापासून, त्यामुळे चाल जरा घाईचीच. मागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन वेयो. डबे जिन्यातच लावले तरी पुरतील, घराघरात नकोत, असं यंत्राने सांगितलं. पेत्राने कागद पुढे केला. "तू इथला जुना माणूस. तुला काही वाटतं का?"

"चालेल," वेयो म्हणाला आणि त्याने सही केली.

त्या दुपारी कॉफी पिताना तो कपात बघून म्हणाला, "दारं उघडी होती."

"मग?"

"लोखंडी आहेत."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. लोखंडी दारं लागली की वायफाय जिन्यातच अडकणार. "अरे मग सांगायचंस ना तिला. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तिचं काम आहे ते," तो म्हणाला.

संपलं. दुसऱ्याचं काम त्याला शिकवायला जाणं याहून मोठी आगळीक आपल्या लोकांत नाही. शेजाऱ्याचं घर जळत असलं तरी आपण आधी विचार करू, की त्याला माहीत असेलच. मी चिडले, पण मीही कुठे पेत्राला फोन केला? दारं तर मीच उघडी टाकली होती.

ऑगस्टात पोरं आली. जिन्यात छताला पांढरे डबे लागले होते. वेयो कुणाचंच दार वाजवायला गेला नाही. अंगणात उगीचच सायकलींचे स्टँड सरळ करत उभा होता, आणि पोरं त्याच्या बाजूने बॅगा ओढत जात होती. मला बघवेना, बाई. सप्टेंबरच्या मध्यावर पेत्रा येऊन गेली, कपाटातलं यंत्र बंद केलं, कपाटाला कंपनीचं सील लावलं. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या सोमवारी गाडी येऊन कपाट नेणार आणि भिंतीतल्या वायरी ओढून काढणार, असं ठरलं.

आता सगळं कसं चाललंय ते तक्रारींवरून कळावं, तर तक्रार एकही नाही. ऑफिसने फॉर्म ठेवला होता, तो कोराच. पण झाडू मारणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. संध्याकाळी सहा ते आठ आमच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, एरवी चिटपाखरू नसायचं. सगळी आपापल्या कॉम्प्युटरला चिकटलेली असायची. आता रोज सौना भरलेला, फळ्या घासून माझे हात गेले. जिन्यांच्या पायऱ्यांवर पोरं मांडीवर लॅपटॉप घेऊन रांगेने बसलेली, बरोबर पांढऱ्या डब्याखाली. मी विचारलं, "इथे गारठ्यात का बसता रे?" तर म्हणे, "असंच." प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच यंत्र जुनं आहे, बाकी सगळ्यांचं मजेत चाललं असणार. मग उगीच कुरकुर कशाला करायची? "माझं भागतंय" हे आमचं एक ठेवणीतलं वाक्य आहे. त्या वाक्यापायी आम्ही माणसं एखाद्या दिवशी मरू.

मी ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तेर्तू, तू राहत नाहीस ना तिथे, राहणाऱ्यांनी फॉर्म भरायचा असतो." आणि फोन ठेवताना बाजूच्या कुणाला तरी म्हणाली, "काही नाही, तेर्तू आहे." म्हणजे बघा. वर्षानुवर्षं सगळ्यावर बडबड केली त्याचं हे फळ. आता माझ्या बोलण्याला काडीची किंमत नाही.

ऑक्टोबरात हेल्मीच्या आईला रोवानिएमीच्या इस्पितळात ठेवलं. पोटाचं दुखणं होतं, आणि साधं नव्हतं. डॉक्टरांनी वसंतापर्यंतचीच मुदत दिली होती. वॉर्डात हातांची भाषा येणारं कुणी नाही, आणि कागदावर लिहून बोलत बसायला कुणाला वेळ नाही. दुभाषी यायची मंगळवारी, तीही डॉक्टरांपुरती. म्हणजे ती बाई दिवसभर माणसांत पडलेली आणि एकाशीही बोलणं नाही. संध्याकाळचं जेवण झालं की एक नर्स तिच्यापुढे टॅबलेट टेकवून ठेवायची. मग हेल्मी दिसायची. तेवढाच काय तो संवाद.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी बी जिन्यातल्या त्या घरात कचऱ्याची पिशवी बदलत होते. हेल्मीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती लॅपटॉपपुढे बसलेली, आणि काचेवर तिची आई. आईचा एक हात छातीशी, एक वर उचललेला, आणि ते तसंच थिजलेलं. मी बघत राहिले. हात हलेचनात. हेल्मी लॅपटॉप उचलून खिडकीकडे गेली, दाराकडे आली, जिन्याकडच्या भिंतीला अंग घासून उभी राहिली. चित्र एकदा हललं, वेगळ्याच जागी हात आले, पुन्हा थिजलं. मग सगळंच काळं झालं.

तिने मला बघितलं. टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, "कालही असंच. परवाही. आई काहीतरी विचारत होती. काय ते कळलं नाही."

मी लिहिलं, "लायब्ररीत जा की."

"चार दिवस गेले होते. पण आईला कधी झोप लागते, कधी जाग येते, त्याचा नेम नाही. तिने कॉल लावला की मी हवी. आणि तिथे सगळ्यांसमोर रडता येत नाही." मग थोडं थांबून तिने खाली लिहिलं, "फोनवरही इथे सिग्नलची एकच रेघ येते. मी शिक्षण सोडून जाणार आहे. महिनाअखेरीला. आईने बजावलंय सोडायचं नाही म्हणून. पण ती तिकडे मुकी पडून आहे."

"ऑफिसला सांगितलंस का?"

"बाकी कुणाचीच तक्रार नाही. एकटीसाठी कशाला."

मी कागद तसाच उचलला आणि तळघरात वेयोकडे गेले. तो बर्फ उपसायची यंत्रं तेल घालून ठेवत होता. त्याने कागद वाचला. मग हात पुसले आणि पुन्हा वाचला.

"तिची वायर तेवढी चालू करून दे," मी म्हटलं. "कपाट इथेच आहे, यंत्र आतच आहे. फोड ते सील."

"नाही."

"का नाही? कोण बघतंय?"

"सील आहे," तो म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. भेकड म्हटलं, ठोंब्या म्हटलं, सिर्काची शपथ घातली. तो ऐकत उभा राहिला. माझा दम संपला तेव्हा म्हणाला, "एकीची जोडली तर बाकीच्यांचं काय? आणि तिसऱ्या सोमवारी कपाट जाणारच." मग कागद मला परत देत, "मी सही केली, तेर्तू." त्याचा आवाज ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी राहणाऱ्यांची सभा होती. सभेला कुणी यावं म्हणून दालचिनीचे बन ठेवतात, ते दरवेळी मीच भाजते. सौनाच्या शेजारच्या मोठ्या खोलीत सत्तरएक पोरं आली, बन उचलले, कॉफी घेतली आणि मागून पुढे अशा क्रमाने खुर्च्या भरल्या. पहिली रांग रिकामी. हेल्मी भिंतीशी बसली होती. दुभाषी नव्हती, पण ती आली होती. वेयो दाराजवळ, टोपी हातात.

पेत्रा वाईट बाई नाही हो. पाच तास गाडी चालवून आली होती, दमलेली होती. तिने भिंतीवर आकडे दाखवले. "दोन महिन्यांत तक्रारी शून्य," ती म्हणाली. "इतकं सुरळीत काम मी पहिल्यांदा बघतेय. सोमवारी वायरी निघतील. कुणाला काही विचारायचं आहे?"

कप खाली ठेवल्याचे आवाज. एकाने दुसरा बन घेतला. मी उठणार होते, पण मला माहीत होतं काय होईल. पोरं हसतील, पेत्रा हसेल, आणि तेर्तू बोलली म्हणून सगळं विसरलं जाईल. पेत्रा लॅपटॉप मिटायला लागली.

"मला बोलायचंय," वेयो म्हणाला.

सत्तर माना मागे वळल्या. काही पोरांनी त्याचा आवाजच पहिल्यांदा ऐकला असेल.

"जुलैत मी सही केली. दारं उघडी होती. खोल्या रिकाम्या होत्या. मला दिसत होतं, हे चालणार नाही. मी बोललो नाही." टोपी या हातातून त्या हातात गेली. "चूक माझी आहे. वायरी काढू नका."

पेत्राचा चेहरा लाल झाला. पण ती शांतपणे म्हणाली, "मोजमापाची चूक असेल तर ती माझी आहे, तुझी नाही. पण वेयो, तक्रार तर एकही नाही."

वेयो पोरांकडे वळला. "कुणाचं चालत नाही?"

एक हात वर येईल तर शपथ. सगळी आपापल्या बुटांकडे बघत होती. माझा जीव टांगणीला लागला. म्हटलं, झालं, आता हा बसणार आणि जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही.

वेयो बसला नाही. दोन रांगा ओलांडून एका पोरापुढे उभा राहिला. पोरांची नावं त्याला येत नाहीत, खोल्या येतात. "ए बारा," तो म्हणाला. "तू रोज सहाला जिन्यात का बसतोस?"

पोरगा गडबडला. "तिथे... जरा बरं चालतं."

"आणि खोलीत?"

"खोलीत नाही चालत. माझा लॅपटॉप जुना आहे."

"सी चाळीस. तू रोज सौनात."

सी चाळीस म्हणजे वेन्ला, झिपऱ्या केसांची पोरगी. तिने बन गिळला आणि म्हणाली, "मग काय करू? सहाला काहीच उघडत नाही. मला वाटलं, माझंच बिघडलंय. दोन महिन्यांत इतकी स्वच्छ मी आयुष्यात नव्हते."

हशा पिकला. वेयो हसला नाही. "बी सात?"

"नाही चालत," बी सात म्हणाला.

"ए एकतीस?"

"नाही."

"सी दोन?"

"दार उघडं ठेवलं तर चालतं," सी दोन म्हणाली. "मी दारात बूट अडकवते."

"मीपण," मागून कुणीतरी म्हणालं. "मीही," दुसरं. मग ज्याला त्याला आपलं यंत्र जुनं नाही हे कळलं आणि हात वर जायला लागले. आधी चार, मग दहा, मग सगळी खोली. हेल्मीला एक शब्द ऐकू आला नव्हता. तिने वर गेलेले हात पाहिले, इकडेतिकडे बघितलं, शेजारच्या मुलीने तिला फोनवर काहीतरी लिहून दाखवलं. मग तिनेही हात वर केला, खूप उंच.

वेयोने तिचं नाव काढलं नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला भीती होती, हा तिच्या आईचं दुखणं सगळ्यांपुढे मांडेल. माझ्याकडून नक्की मांडलं गेलं असतं.

पेत्राने लॅपटॉप मिटला. हात मोजायच्या भानगडीत ती पडली नाही. "दारं लावून, माणसं असताना पुन्हा मोजावं लागेल," ती म्हणाली. "डबे घराघरात लागतील. त्याला महिने जातील." आणि वेयोला, "ते जुनं यंत्र अजून चालेल का?"

"चालेल," वेयो म्हणाला. मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण पुढे म्हणाला, "नक्की चालेल. मी बघितलंय."

दोघं तळघरात गेली. मागोमाग मीही, बादलीचं निमित्त करून. सील पेत्राने स्वतःच्या नखाने काढलं. वेयोने यंत्र लावलं, चिठ्ठ्या वाचत एकेक टोक बसवत गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत ए आणि बी झाले, शनिवारी सी. मग ऑगस्टात राहून गेलेला फेरा त्याने नोव्हेंबरात घातला. पहिलं दार कुणाचं वाजवलं ते सांगायला नको. हेल्मीच्या दारावर घंटी नाही, दिवा आहे. बटण दाबलं, आत दिवा लुकलुकला, तिने दार उघडलं. टेबलाखाली वाकताना त्याचे गुडघे वाजले. हिरवा लागला. हेल्मीने त्याला मिठी मारली आणि वेयो हात कुठे ठेवायचे ते न कळून तसाच ताठ उभा राहिला.

हेल्मी शिक्षण सोडून गेली नाही. त्या शुक्रवारपासून सहा वाजता तिचं दार बंद असायचं आणि आतून ते मोठं हसणं ऐकू यायचं. असं चोवीस संध्याकाळी चाललं. डॉक्टरांनी वसंत म्हटलं होतं, पण डिसेंबरच्या नऊ तारखेला सकाळी तिची आई झोपेतच गेली.

हेल्मी जानेवारीत परत आली. बारीक झाली होती. मी तिच्यासाठी कारेलियाच्या पुऱ्या, भाताच्या सारणाच्या, घेऊन गेले. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. माझं तोंड तर बंद राहत नाही, म्हणून मी लिहिलं, "त्या चोवीस दिवसांत तुम्ही काय काय बोललात ग?"

तिने बराच वेळ लिहिलं. "काही खास नाही. इस्पितळातले बटाटे कच्चे असतात. दुभाषीने सांगितलं, शेजारची बाई रात्रभर घोरते, सगळा वॉर्ड वैतागलाय, आई म्हणाली, मला बाई शांत झोप लागते. मला विचारायची, लोकरीचे मोजे घालतेस का. परीक्षेचं विचारायची. देवदार कसा ओळखायचा ते मी तिला शिकवलं. तिला ते आधीच येत होतं, नंतर कळलं."

मी डोळे पुसून घेतले. मग वाटलं, विचारू नये, पण विचारलं. "आणि शेवटच्या दिवशी?"

हेल्मीने पेन खाली ठेवलं. दोन्ही हात वर करून तिने एक खूण केली, मला दाखवायला. मग त्या खुणेचा अर्थ कागदावर लिहिला.

"'उद्या बोलू.' चित्र अडकलं नाही, तेर्तू. पूर्ण म्हणाली."